सॉल्व्हंटचा कचरा कमी करायचा तर सुरुवात ग्राइंडरपासून

प्रश्न कुपवाड एमआयडीसीतल्या एका छोट्या खासगी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ताईंचा आहे. थोडक्यात असा: त्यांच्याकडे मुख्यतः तीन चाचण्या येतात. हळदीतलं कर्क्युमिन, बेदाण्यातले कीटकनाशकांचे अवशेष आणि साखर कारखान्यांच्या सांडपाण्यातलं ऑइल अँड ग्रीस. वापरून झालेल्या सॉल्व्हंटचे कॅन वाढत चाललेत, विल्हेवाटीचं बिलही वाढतंय, आणि मालकांनी सांगितलंय की हे निम्म्यावर आणा. एनएबीएलला, म्हणजे प्रयोगशाळेच्या मान्यतेला, धक्का न लावता नमुना तयार करण्याच्या टप्प्यावर किती कमी करता येईल, सुरुवात कुठून करायची आणि वापरलेला सॉल्व्हंट आपणच ऊर्ध्वपातन करून परत वापरला तर चालेल का, असं त्यांनी विचारलंय. सोबत तिन्ही चाचण्यांच्या एसओपी, म्हणजे लिखित कार्यपद्धतीही पाठवल्यात.

ताई, निम्म्यावर आणणं तुम्हाला सहज जमेल. एसओपी पाहता बेदाण्याच्या चाचणीत तर निम्म्याच्या कितीतरी खाली जाता येईल. पण बहुतेक लोक हात घालतात तो कॅनपाशी, म्हणजे कचरा तयार झाल्यावर. माझं म्हणणं असं, की सॉल्व्हंट किती लागणार हे तुम्ही काट्यावर नमुना तोलता तेव्हाच ठरून जातं. ५० ग्रॅम तोलले की २०० मिलि ॲसिटोन आलं. २०० मिलि आलं की मोठा सेपरेटिंग फनेल आला, त्यात डीसीएमचे (डायक्लोरोमिथेनचे) तीन भाग आले, ते सगळं रोटरी इव्हॅपोरेटरवर उडवणं आलं आणि शेवटी तेवढी मोठी काच धुवायला आणखी ॲसिटोन आलं. तेच १० ग्रॅम तोलले तर सगळं काम ५० मिलिच्या सेंट्रिफ्यूज ट्यूबमध्ये उरकतं.

मग आपण ५० ग्रॅम का तोलतो? कारण नमुना नीट बारीक केलेला नसतो आणि १० ग्रॅममध्ये सगळ्या लॉटचं प्रतिनिधित्व होईल याची खात्री नसते. ही शंका रास्तच आहे. पिएर जी या फ्रेंच तज्ज्ञाने नमुना घेण्याचा जो सिद्धांत मांडला, त्याचा गाभा असा: उचललेल्या भागातल्या चुकीचं प्रचरण, म्हणजे व्हेरियन्स, नमुन्याच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असतं आणि कणांच्या व्यासाच्या घनाच्या सम प्रमाणात. घन लक्षात घ्या. ५०० मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेल्या पुडीऐवजी २५० मायक्रॉनमधून गेलेली पूड घेतली तर तेवढ्याच खात्रीसाठी वजन एक अष्टमांश पुरतं. म्हणून सॉल्व्हंट वाचवायला मी पहिला खर्च सांगतो तो चांगल्या ग्राइंडरचा आणि चाळण्यांचा. नवीन एक्स्ट्रॅक्शन यंत्राचा नंबर त्यानंतर लागतो. मालकांना हे पटायला थोडं जड जाईल, कारण ग्राइंडरचा आणि कॅनचा संबंध वरवर दिसत नाही.

पण कामाला लागण्याआधी महिनाभर फक्त मोजा. प्रत्येक चाचणीचा कॅन वेगळा ठेवा, रोज संध्याकाळी त्याचं वजन करा आणि त्या दिवशी किती नमुने झाले ते शेजारी लिहा. दुसऱ्या वहीत कोणत्या सॉल्व्हंटची किती बाटली उघडली ते लिहा. दोन्ही वह्यांचा मेळ बसणार नाही, आणि तो किती बसत नाही हेच पाहायचंय. जो सॉल्व्हंट बाटलीतून गेला पण कॅनमध्ये आला नाही, तो हूडमधून (वाफ ओढणाऱ्या कपाटातून) हवेत गेला किंवा सिंकमध्ये गेला. कॅन हलका झाला म्हणून कचरा कमी झाला असं मानणाऱ्या प्रयोगशाळा मी पाहिल्यात. तिथे बीकर हूडमध्ये उघडे ठेवून उडवायची सवय वाढलेली असते. ती घट मोजायची नाही. धुण्याच्या पिचकारी बाटलीवरही प्रत्येक वेळी भरताना तारीख टाका. धुवायला किती ॲसिटोन जातं हे कुठल्याच एसओपीत लिहिलेलं नसतं, त्यामुळे त्याचा हिशोब कोणाकडेच नसतो.

आता बेदाणा. तुमची पद्धत जुन्या घराण्यातली आहे: ॲसिटोनने काढायचं, मग पाणी-मीठ घालून डीसीएममध्ये ओढायचं. १९७५ सालच्या ल्यूक पद्धतीपासून हाच साचा चालत आलाय. तुमच्या एसओपीप्रमाणे ५० ग्रॅम नमुन्याला २०० मिलि ॲसिटोन आणि ७५ मिलि डीसीएम तीनदा, म्हणजे नमुन्यामागे ४२५ मिलि, काच धुणं सोडून. २००३ मध्ये क्वेचर्स ही झटपट पद्धत आली तेव्हा तिने हाच आकडा १० मिलिवर आणला. १० ग्रॅम नमुना, १० मिलि ॲसिटोनायट्राइल, ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, १ ग्रॅम मीठ, हलवायचं, सेंट्रिफ्यूज करायचं, वरच्या थरातला १ मिलि घेऊन पीएसए या शोषक पुडीने आणि थोड्या मॅग्नेशियम सल्फेटने साफ करायचा. युरोपची ईएन १५६६२ ही प्रमाणित पद्धत याचंच सायट्रेट घातलेलं रूप आहे. आपल्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने द्राक्षासाठी इथिल ॲसिटेटची पद्धत बसवली, तीही १० ग्रॅमला १० मिलिचीच. तुमच्यासारख्या जीसी-ईसीडीवर, म्हणजे इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर लावलेल्या गॅस क्रोमॅटोग्राफवर, काम करणाऱ्यांना मी दुसरी सुचवेन. ॲसिटोनायट्राइल ईसीडीला मानवत नाही, त्यामुळे ते उडवून हेक्झेनमध्ये घ्यावंच लागतं. इथिल ॲसिटेट उडवायला सोपं, आणि अर्कात साखर ओढून आणत नाही, जे बेदाण्यात फार महत्त्वाचं आहे.

बेदाणा बारीक करणं मात्र हळदीसारखं नाही. तो चिकट असतो, मिक्सरच्या पात्याला गोळा बसतो आणि तळाशी अख्खे मणी राहतात. म्हणून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, सकाळी ठरलेल्या प्रमाणात, समजा दीडपट, गार पाणी घालून सगळा अर्धा किलो एकदम वाटा. लगदा गुळगुळीत झाला की त्यातले साडेबारा ग्रॅम म्हणजे ५ ग्रॅम बेदाणा. हे पाणी दुहेरी कामाचं आहे. वाळलेल्या सालीतला अवशेष बाहेर यायला ती आधी फुगावी लागते, आणि क्वेचर्सची मीठ घालून थर वेगळे करायची युक्ती पाण्याशिवाय चालतच नाही. मॅग्नेशियम सल्फेट घातल्या घातल्या ट्यूब हातात धरून जोराने हलवा. ते पाणी धरताना तापतं आणि थांबलात तर तळाशी खडा बनतो. तो खडा नंतर फुटत नाही आणि त्यात अडकलेलं द्रावण तुमच्या रिकव्हरीतून, म्हणजे टाकलेल्यापैकी परत सापडणाऱ्या भागातून, वजा होतं.

लगदा खरोखर एकजीव झाला की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. ज्यात अवशेष आहे हे माहीत असलेला एक नमुना घ्या, एकाच लगद्यातून सात-आठ वेळा वेगवेगळं उचला आणि प्रत्येक वेगळं चालवा. त्यांच्यातला फरक एकाच अर्काची अनेक इंजेक्शनं दिल्यावर दिसतो त्याच्या फार वर असेल तर वाटणं कमी पडतंय. तेव्हा वजन वाढवायच्या आधी वाटण सुधारा.

दोन अडचणी आधीच सांगून ठेवतो. पहिली संवेदनशीलतेची. जुन्या पद्धतीत तुम्ही ५० ग्रॅमचा अर्क आटवून ५ मिलि करता, म्हणजे १ मिलित १० ग्रॅम बेदाणा. नव्या पद्धतीत १ मिलित अर्धा ग्रॅम. वीसपट फरक आहे. युरोपात ज्या कीटकनाशकाला वेगळी मर्यादा नाही त्याला ०.०१ मिग्रॅ/किलो लागू होते. तेवढा अवशेष असलेल्या बेदाण्याच्या अर्कात मिलिमागे ५ नॅनोग्रॅम असेल. एमएस-एमएस (मास स्पेक्ट्रोमीटर) असलेल्यांना हे काहीच नाही. ईसीडीवर काही ऑर्गेनोक्लोरीन आणि पायरेथ्रॉइड जमतील, बाकी जमणार नाहीत. तिथे साफ केलेला ५ मिलि अर्क मंद नायट्रोजनखाली उडवून अर्ध्या मिलि हेक्झेनमध्ये घ्या. दहापट परत मिळतात, आणि उडवायला जातात ते ५ मिलि. पण ५ मिलि साफ करायचा तर पीएसएही त्याच प्रमाणात वाढवावं लागेल, १ मिलिचं माप तसंच ठेवू नका.

दुसरी अडचण खास आपल्या भागाची: डिपिंग ऑइल. तासगाव, सांगली पट्ट्यात द्राक्षं सुकवायला टाकण्याआधी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात. त्यात मुख्यत्वे इथिल ओलिएट असतं आणि ते मालावर राहतं. पीएसए मोकळी फॅटी ॲसिडं धरतं, पण इथिल ओलिएट हा एस्टर आहे, तो निसटतो आणि जीसीत इंजेक्टर, लायनर सगळं हळूहळू बिघडवतो. पीएसएबरोबर सी-१८ ही तेलकट पदार्थ धरणारी पूड घाला. ग्राफाइटचा काळा कार्बन मात्र रंग दिसला म्हणून सरसकट टाकू नका, तो सपाट रचनेची कीटकनाशकंही ओढून घेतो.

हळदीची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती जास्त आवडते, कारण इथे एकही नवीन वस्तू विकत घ्यावी लागत नाही. तुमच्या एसओपीत ०.१ ग्रॅम पूड, इथेनॉलमध्ये रिफ्लक्स, १०० मिलिपर्यंत भरायचं, त्यातले २० मिलि घेऊन २५० मिलिपर्यंत विरळ करायचं आणि ४२५ नॅनोमीटरला वाचायचं असं आहे. नमुन्यामागे ३३० मिलि इथेनॉल. आता क्युवेटपाशी उभं राहून बघा: तिच्यात जातात ३ मिलि. उरलेले २४७ मिलि पिवळंधमक द्रावण तसंच कॅनमध्ये ओतलं जातं. इथे नमुन्याचं वजन आणखी कमी करू नका. ०.१ मिग्रॅ वाचणाऱ्या काट्यावर ०.१ ग्रॅमला वाचनाची चूक ०.१ टक्का पडते, ०.०२ ग्रॅम केलंत तर ती अर्ध्या टक्क्यावर जाते आणि पुडीतली विषमता त्याहून जास्त वाढते. कमी करायचं ते विरळीकरण. २० चे २५० म्हणजे साडेबारापट. २ चे २५ म्हणजेही साडेबारापट. एवढा एकच बदल नमुन्यामागे २०७ मिलि वाचवतो.

यावर ऑडिटर विचारतीलच, की लहान काचेची अचूकता कमी असते, त्याचं काय. उत्तर तयार ठेवा. ए वर्गाच्या २० मिलि पिपेटला ०.०३ मिलिची सूट असते, म्हणजे ०.१५ टक्के; २ मिलिच्या पिपेटला ०.०१ मिलि, म्हणजे अर्धा टक्का. २५० च्या फ्लास्कला ०.१५ मिलि, म्हणजे ०.०६ टक्के, २५ च्या फ्लास्कला ०.०४ मिलि, म्हणजे ०.१६ टक्के. वर्ग करून बेरीज आणि मग वर्गमूळ घेतलं तर जुन्या काचेची चूक साधारण ०.१६ टक्के आणि नव्या काचेची साधारण ०.५२ टक्के येते. म्हणजे ज्या हळदीत ३ टक्के कर्क्युमिन आहे तिथे आकड्यात ०.०१६ चा फरक. एकाच पोत्यातून दोनदा काढलेल्या हळदीत याहून जास्त फरक असतो. हा हिशोब अनिश्चिततेच्या बजेटमध्ये लिहा, विषय संपला. हवं तर ५ चे ६२.५ असा विचित्र आकडा न करता ४ चे ५० करा, तो मधला मार्ग आहे.

रिफ्लक्सबद्दल एक. कंडेन्सरमधून नळाचं पाणी तासन् तास वाहू देणं हाही कचराच, आणि जत-आटपाडीच्या लोकांना टँकरची वाट बघताना पाहिलेल्या जिल्ह्यात तो मला बघवत नाही. मिनिटाला १ लिटर धरलं तरी अडीच तासांत १५० लिटर जातात. टाकीत बर्फाचं पाणी आणि कूलरचा लहान पंप लावून तेच पाणी फिरवलं तरी काम होतं. त्याऐवजी अल्ट्रासॉनिक बाथ वापरणारेही आहेत. वापरा, पण तुमच्याच हळदीवर रिफ्लक्सशी समांतर चालवून आकडे जुळल्याशिवाय नाही. आणि विरळ कर्क्युमिन उजेडात टिकत नाही; २५ चा तपकिरी फ्लास्क सहज मिळतो, त्यामुळे हाही फायदाच.

ऑइल अँड ग्रीसमध्ये मात्र हात बांधलेले आहेत. तिथे १ लिटर सांडपाण्याला ३० मिलि हेक्झेन तीनदा लागतं, आणि तेल बाटलीच्या काचेला चिकटतं म्हणून अख्खी बाटली वापरावी लागते, बाटलीही हेक्झेनने खळबळून घ्यावी लागते. त्यातला थोडा भाग ओतून घेणं चुकीचं. २५० मिलिची बाटली भरून आणली तर? कृष्णेसारख्या नदीत, म्हणजे अंतर्देशीय पाण्यात सोडायच्या सांडपाण्याला मर्यादा १० मिग्रॅ/लिटर आहे. पाव लिटरात मर्यादेवरचं तेल अडीच मिग्रॅ भरेल, आणि तेवढं एका जड फ्लास्कमध्ये तोलून कारखाना पास की नापास हे सांगायचं! ते करू नका. इथे बचत आहे ती उडवण्यात. हेक्झेन उघड्यावर वॉटर बाथवर उडवू नका, कंडेन्सर लावून गोळा करा. तीनदाचं ९० मिलि गेलं तर बराचसा भाग स्वच्छ परत मिळतो. त्याचा कोरा (नमुन्याशिवायची चाचणी, ब्लँक) चालवून अवशेष शून्याजवळ आला की तो पहिल्या खळबळण्याला वापरता येतो. तब्येतीच्या दृष्टीनेही हे हवं, नॉर्मल हेक्झेनचा वास रोज घेणाऱ्यांच्या हातापायांच्या नसांवर परिणाम होतो हे फार जुनं आणि पक्कं निरीक्षण आहे. पद्धतीत चालत असेल तिथे हेप्टेन घ्या.

ज्या चाचण्यांत सेपरेटिंग फनेल सोडताच येत नाही, तिथे शाळेत शिकलेलं गणित परत काढा. समजा १०० मिलि पाणी आहे आणि पदार्थाचा वितरणांक ५ आहे. १०० मिलि सॉल्व्हंट एकदाच वापरला तर पाण्यात १६.७ टक्के उरतं. २० मिलि तीनदा वापरला, एकूण ६०, तर १२.५ टक्के उरतं. कमी सॉल्व्हंटमध्ये जास्त काम. आणि डीसीएमच्या जागी इथिल ॲसिटेट आणणार असाल तर फनेलवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा: डीसीएम पाण्यापेक्षा जड, खालून काढायचं, इथिल ॲसिटेट हलकं, वर तरंगतं. वर्षानुवर्षं खालचा थर ठेवायची सवय लागलेला हात नेमका हवा तो थर सिंकमध्ये सोडतो. इथिल ॲसिटेट पाणीही जास्त धरतं, तेव्हा निर्जल सोडियम सल्फेट हात राखून घालू नका, आणि तीव्र अल्कलीत ते फुटतं, तिथे ते वापरूच नका.

डीसीएम आधी घालवा असं मी सगळ्यांना सांगतो. आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला २०१४ मध्ये कर्करोगकारक असण्याची दाट शक्यता असलेल्या २ए गटात टाकलं. पैशांचाही भाग आहे. विल्हेवाट किलोवर मोजली जाते आणि १ लिटर डीसीएम भरतं १.३३ किलो, ॲसिटोन ०.७९. शिवाय क्लोरीन असलेला कचरा जाळला की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, तो वेगळा हाताळावा लागतो आणि महाग पडतो. ॲसिटोनच्या कॅनमध्ये कोणी वाटीभर डीसीएम ओतलं तर अख्खा कॅन त्या महाग वर्गात जातो. तुमच्या बिलातली वाढ यातूनच आली असण्याची शक्यता मला जास्त वाटते, एकदा तपासा.

काच धुणं. आधी गरम पाणी आणि साबण, मग साधं पाणी, मग शुद्ध पाणी, आणि शेवटी ॲसिटोनचा थोडासा हात. साबणाआधी ॲसिटोन ओतू नका, चिकट बेदाण्याची साखर ॲसिटोनमध्ये विरघळत नाही, पाण्यात विरघळते. शेवटच्या धुवणाचं ॲसिटोन एका बाटलीत साठवून दुसऱ्या काचेच्या पहिल्या धुवणाला वापरा. अवशेषांच्या कामाची काच आणि उच्च प्रमाणातल्या स्टँडर्डची काच मात्र कायम वेगळी. स्टँडर्डचंही तेच: १०० मिलि बनवून ९० मिलि मुदत संपल्यावर ओतण्यापेक्षा ५ किंवा १० मिलि बनवा. अडीच लिटरची बाटली स्वस्त पडते म्हणून घेतलेली आणि कपाटात मुदत संपलेली, न उघडता कचऱ्यात जाणारी, हीसुद्धा नमुना तयारीचाच कचरा धरा. ईथर असेल तर अशी बाटली उघडूही नका, त्यात स्फोटक पेरॉक्साइड साठलेली असू शकतात.

नमुना तयारीच्या बाहेरचं एकच सांगतो. एचपीएलसी या द्रव क्रोमॅटोग्राफचा पंप १ मिलि/मिनिटाने दिवसरात्र चालू राहिला तर चोवीस तासांत १.४४ लिटर जातात. तुमच्या सगळ्या क्वेचर्सचा महिनाभराचा सॉल्व्हंट एका विसरलेल्या पंपात जाऊ शकतो. ४.६ मिमीच्या कॉलमऐवजी २.१ मिमीचा चालत असेल तर प्रवाह व्यासाच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे साधारण पाचपट. ॲसिटोनायट्राइल कायम मिळेल असं धरू नका. ते ॲक्रिलोनायट्राइल बनवताना उप-उत्पादन म्हणून निघतं; २००८ मध्ये मंदीने ॲक्रिलोनायट्राइलची मागणी पडली आणि पुढचं वर्षभर जगभरच्या प्रयोगशाळा ॲसिटोनायट्राइलसाठी रांगेत होत्या.

आता एनएबीएल. आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांच्या मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीत प्रमाणित पद्धतीत बदल करू नका असं कुठेही म्हटलेलं नाही. बदल केलात तर तो बदललेल्या मर्यादेपुरता प्रमाणित करा, त्याची नोंद ठेवा, असं म्हटलंय. हळदीचा २-ते-२५ चा बदल छोटा आहे, जुन्या-नव्याची समांतर तुलना आणि अनिश्चिततेचा हिशोब पुरेल. बेदाण्याची पद्धत मात्र पूर्ण नवी आहे. दोन पातळ्यांवर प्रत्येकी पाच स्पाइक (अवशेष नसलेल्या नमुन्यात ठरलेलं कीटकनाशक टाकून केलेल्या चाचण्या), त्यातली एक पातळी तुमची एलओक्यू, म्हणजे खात्रीने मोजता येणारं सर्वांत कमी प्रमाण. सरासरी रिकव्हरी ७० ते १२० टक्के आणि पुनरावृत्तीचा आरएसडी (सापेक्ष प्रमाण विचलन) २० टक्क्यांच्या आत, हे युरोपच्या सांते या अवशेष-चाचणीच्या मार्गदर्शकाचे निकष आहेत आणि निर्यातीच्या मालाला तेच विचारले जातात. तेवढ्यावर थांबू नका. वरून टाकलेलं स्पाइक सालीत मुरलेलं नसतं, ते सहज बाहेर येतं. शेतात फवारणी होऊन, सुकून, मुरलेला अवशेष निघतो की नाही हे फक्त खऱ्या नमुन्यांवरच कळतं. म्हणून अवशेष सापडलेले जुने नमुने फ्रीझरमध्ये जपून ठेवा आणि दोन्ही पद्धतींनी चालवा. आणि तुमच्या मान्यतेच्या व्याप्तीत (स्कोपमध्ये) नवी पद्धत येईपर्यंत तिच्या अहवालावर एनएबीएलचं चिन्ह टाकू नका, ग्राहक कितीही घाईत असला तरी. ग्राहकाने किंवा कायद्याने पद्धत नावानिशी सांगितली असेल तर तीच चालवायची, तिथे बचतीचा विचार नाही.

ऊर्ध्वपातनाचं उत्तर सॉल्व्हंटनुसार बदलतं. ॲसिटोन आणि हेक्झेन वेगवेगळं साठवलं असेल तर काच धुण्यापुरतं परत मिळवणं जमतं. ॲसिटोनायट्राइल-पाण्याचं मिश्रण सुमारे ८४ टक्के ॲसिटोनायट्राइलवर एकत्रच उकळतं, त्यापुढे साध्या ऊर्ध्वपातनाने शुद्ध होत नाही. त्यात वेळ घालवू नका. इथेनॉलचंही पाण्याशी असंच होतं, साधारण ९५-९६ टक्क्यांवर अडकतं, पण धुण्याला तेवढं चालतं. राज्य उत्पादन शुल्काच्या परवान्यातल्या नोंदींशी परत मिळवलेल्या इथेनॉलचा मेळ ठेवा. परत मिळवलेला कोणताही सॉल्व्हंट अवशेषांच्या अर्कासाठी वापरू नका. आणि ईथर किंवा ज्यात काय आहे ते माहीत नाही असा कॅन कधीही तापवू नका.

जो कचरा उरेल तो चार कॅनमध्ये वेगळा: क्लोरीन असलेला, क्लोरीन नसलेला, पाणी मिसळलेला आणि आम्लांचा. क्लोरोफॉर्म आणि ॲसिटोन अल्कलीसोबत एकत्र आले तर जोरात तापतात. धातूंच्या चाचणीतलं नायट्रिक आम्ल सॉल्व्हंटच्या कॅनमध्ये गेलं तर स्फोट होऊ शकतो. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे साठा ९० दिवसांपर्यंतच ठेवता येतो, लेबल आणि मॅनिफेस्ट (वाहतुकीचा नोंदपत्रक) लागतं. आपल्या भागातला बराच माल रांजणगावच्या सामायिक सुविधेकडे जातो. सांगली शहरात खालच्या भागात कोणाची प्रयोगशाळा असेल तर जुलै उजाडायच्या आत साठा पाठवून द्या. २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, आणि तरंगून उलटलेला सॉल्व्हंटचा कॅन पुराच्या पाण्यात कोणाच्या घरात जाईल याचा भरवसा नाही.

क्रम असा ठेवा: या आठवड्यात हळदीचे २५ चे फ्लास्क आणि धुण्याची शिस्त, पुढच्या महिन्यात मोजणीचे आकडे, मग ग्राइंडर, मग बेदाणा. मालकांना किलोत आकडे दाखवा, पण एकूण किलो नको, नमुन्यामागचे किलो. हंगामात काम वाढलं की एकूण वाढणारच. बेदाण्याच्या पहिल्या स्पाइकनंतरचे क्रोमॅटोग्राम आणि त्याच्या कोऱ्याचा क्रोमॅटोग्राम पाठवा, डिपिंग ऑइलचं पीक किती आडवं येतंय ते पाहून सी-१८ किती घालायचं ते सांगतो.